सनद ते दीक्षांत : मराठवाड्यातील पदवीदानाची वाटचाल

सनद हा शब्द मराठी माणसाला परका नाही. वकिली करायची तर सनद लागते. जुन्या इनामदारांच्या घरी सनदा जपून ठेवलेल्या असत. पेशवे दप्तरात तर सनदांचे ढीग आहेत. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतले मूलही हा शब्द रोज ऐकते, कारण शाळेतून मिळणारा दाखला असो की विद्यापीठाची पदवी, उर्दूत ती सनदच. सनदचे अनेकवचन अस्नाद. म्हणून ज्या कार्यक्रमाला मराठीत पूर्वी पदवीदान समारंभ म्हणत आणि आता दीक्षांत समारंभ म्हणतात, त्याला उर्दूत 'जलसा-ए-तकसीम-ए-अस्नाद' असे भारदस्त नाव आहे. तीन नावे, पण प्रसंग एकच. शिकणारा शिकून झाला आणि ज्यांनी शिकवले त्यांनी चार लोकांसमक्ष तसे सांगितले, एवढाच त्याचा गाभा.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रसंग कसा आला, किती उशिरा आला आणि आजही कोणाच्या वाट्याला येत नाही, याचा थोडा मागोवा येथे घ्यायचा आहे. आम्ही इतिहासाचे संशोधक नव्हेत. वर्गात उर्दूतून शिकवणारे आणि कार्यालयाचा अहवाल मराठीतून लिहिणारे शिक्षक आहोत. परंतु दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहणाऱ्याला काही गोष्टी दोन्ही बाजूंनी दिसतात. त्याच सांगायच्या आहेत.

इजाजत आणि दस्तार

आज पदवी विद्यापीठ देते. इस्लामी जगातील जुन्या शिक्षणपद्धतीत मात्र सनद संस्था देत नसे, उस्ताद देत असे. त्याला इजाजत किंवा इजाजा म्हणत. अमुक ग्रंथ या शिष्याने माझ्याकडे वाचला, तो इतरांना शिकवण्याची परवानगी मी त्याला देत आहे, असा त्याचा आशय. त्यात उस्तादाचे नाव असे, उस्तादाच्या उस्तादाचेही असे. हदीस सांगणाऱ्यांच्या साखळीला इस्नाद म्हणतात, तो शब्दही सनद याच मुळातून आला आहे. म्हणजे सनद याचा अर्थ केवळ कागद नव्हे. ज्याच्या आधाराने आपण उभे आहोत तो टेकू म्हणजे सनद. माणसाने कोणापासून घेतले, हे त्यात नोंदलेले असे.

मोरोक्कोतील फेज शहरात ८५९ साली फातिमा अल-फिहरी या स्त्रीने बांधलेली करवीयीन मशीद आणि कैरोत दहाव्या शतकात उभी राहिलेली अल-अजहर मशीद ही पुढे विद्येची मोठी केंद्रे झाली. युरोपातील विद्यापीठे त्यानंतरची. पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड येथील पदवी देण्याची पद्धत इजाजतवरून आली, असे जॉर्ज मकदिसी यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, तर इतर अनेक अभ्यासक ती युरोपातील चर्चच्या व्यवस्थेतून स्वतंत्रपणे वाढली असे मानतात. तो वाद येथे मिटणार नाही. पदवीधराच्या अंगावरचा काळा झगा मात्र युरोपातील धर्मगुरूंच्या पोशाखातून आला, याबद्दल फारसा वाद नाही.

आपल्याकडे झग्याऐवजी दस्तार होती. मदरशातील शिक्षण पूर्ण झालेल्याच्या डोक्यावर बुजुर्ग आलिम पागोटे बांधतात. हा दस्तारबंदीचा कार्यक्रम आजही मराठवाड्यातील गावोगावच्या मदरशांत होतो. ख्वाजा निजामुद्दीन औलिया यांच्या चरित्रात बदायूँ येथील त्यांच्या दस्तारबंदीचा प्रसंग येतो. घरी गरिबी होती. दस्तारीसाठी कापड विकत आणण्याची ऐपत नव्हती. तेव्हा आईने घरी सूत कातून ते विणवून घेतले, असे चरित्रकार सांगतात. आईने कातलेल्या सुताची दस्तार मुलाच्या डोक्यावर बांधली गेली. पदवीदानाच्या सगळ्या इतिहासात आम्हाला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. सनद एकाची असते, परंतु तिच्यात सूत कोणाकोणाचे असते!

दुसऱ्या बाजूला दीक्षांत हा शब्दही असाच जुन्या घरातला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य अखेरचा उपदेश करतात. खरे बोल, कर्तव्य सोडू नको, आईबापांचा आणि आलेल्या पाहुण्याचा मान राख, असा त्याचा भाव. विद्यापीठांतील दीक्षांत भाषणाचे मूळ तेथे शोधले जाते. मदरशातील उस्ताद दस्तार बांधताना जी नसीहत करतो, तिचा आशय याहून फार वेगळा नसतो. शब्द वेगळे, डोक्यावरचा हात तोच.

बीदरचा मदरसा

आपल्या भागात उच्च शिक्षण कधीच नव्हते असा एक समज आहे. तो खरा नाही. नांदेड, कंधार, उदगीर हा सारा मुलूख बहमनी राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी बीदर उदगीरच्या शेजारीच आहे. तेथे महमूद गावान या वजिराने १४७२ साली मोठा मदरसा बांधला. गावान इराणातील गिलान प्रांताचा. त्याने तीन मजली इमारत उभारली, तिला ग्रंथालय जोडले, विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय केली. १४८१ साली खोट्या पत्राच्या आरोपावरून सुलतानाने त्याच वजिराचा शिरच्छेद करविला. पुढे १६९६ साली स्फोटात मदरशाचा मोठा भाग कोसळला. एक मिनार आणि निळ्या फरशांचे तुकडे आजही तेथे दिसतात. उदगीर किंवा देगलूरच्या शाळांच्या सहली बीदरला जातात तेव्हा मुले किल्ला बघतात आणि मदरसा घाईघाईत उरकतात. खरे तर तेथे जास्त वेळ थांबायला हवे. आपल्या परिसरात पाचशे वर्षांपूर्वी विद्यार्थी वसतिगृहात राहून शिकत होते, हे मुलांना त्या भिंतींजवळ उभे करूनच सांगता येते.

हैदराबादची सनद

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. ते अवघे चौघे होते. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले दोन. पुढे १८७४ साली विद्यापीठाचे भव्य पदवीदान सभागृह बांधून झाले. पुण्या-मुंबईच्या मराठी घरांत पदवीधर हा शब्द तेव्हापासून रुळला. मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यात होता. मुंबईचे ते सभागृह आमच्या आजोबा-पणजोबांना परराज्यात होते.

मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढून उस्मानिया विद्यापीठाची घोषणा केली. त्यामागे सर अकबर हैदरी यांची खटपट होती. १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ पासून वर्ग भरू लागले. हिंदुस्थानी भाषेतून सर्व विद्या शिकवणारे हे आधुनिक काळातील पहिले विद्यापीठ. इतिहास, रसायन, वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी हे सर्व उर्दूतून. इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, पण माध्यम उर्दू. पुस्तके नव्हती म्हणून भाषांतराचा स्वतंत्र विभाग, दारुल तर्जुमा, आधी उभारला गेला. त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आली. बाबा-ए-उर्दू म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ मराठवाड्याला परके नव्हते. औरंगाबादला त्यांनी अनेक वर्षे काढली आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही दीर्घकाळ तेथेच होते. या विभागातून शेकडो ग्रंथ उर्दूत आले, शास्त्रीय परिभाषा घडली.

या विद्यापीठाची सनद मराठवाड्यात आली. वैजापूरला जन्मलेले सिकंदर अली वज्द उस्मानियाचे पदवीधर. ते न्यायाधीश झाले, अजिंठा-वेरूळवर लिहिणारे नामवंत शायर झाले आणि पुढे राज्यसभेवरही गेले. नांदेडचे नेते शंकरराव चव्हाण यांनी कायद्याची पदवी उस्मानियाची घेतली. चाकूरचे शिवराज पाटील विज्ञान शिकायला उस्मानियातच गेले, अर्थात तोवर तेथील माध्यम बदलले होते. निलंग्याला जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांना मात्र पदवीसाठी बनारस आणि अलाहाबाद गाठावे लागले. त्यांनी उर्दू-फारसीवर मिळवलेले प्रभुत्व आणि मराठी वाचकांना उर्दू शायरीची करून दिलेली ओळख ही त्या काळाचीच देणगी.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. उस्मानिया हा उर्दूचा अभिमानाचा विषय आहे आणि तो आम्हालाही आहे. मातृभाषेतून सर्वोच्च शिक्षण देता येते, हे तिने सर्व देशाला दाखवले. परंतु हैदराबाद राज्यात उर्दू ही मातृभाषा असणारे लोक साधारण दहा-बारा टक्के होते. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना हे माध्यम मातृभाषेचे नव्हते. लातूरजवळच्या खेड्यातील मराठी घरातल्या मुलाला ती सनद मिळवायची तर आधी एक भिंत चढावी लागे. जे चढले त्यांचे उर्दू आमच्यापेक्षा सरस झाले. जे चढू शकले नाहीत, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही.

१९३८ साली त्या विद्यापीठात आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात वंदे मातरम् गाण्यावरून संघर्ष झाला. शेकडो विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आपल्याकडे घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. मराठवाड्यातील कित्येक तरुणांच्या पदवीवर हैदराबादऐवजी नागपूरचे नाव आले, त्याचे कारण हे आहे.

दुसरी भिंत

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्याआधी रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे अत्याचार केले ते मराठवाडा विसरलेला नाही आणि विसरूही नये. त्यानंतर सामान्य मुसलमानांवर जे गुदरले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली असे तो अहवाल सांगतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. घरे गेली, कर्ती माणसे गेली, नोकऱ्या गेल्या. ज्या घरात कमावता हातच उरला नाही, तेथे मुलाला पुढे शिकवण्याचा विचार कोण करणार?

त्याच वेळी उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. राज्यकारभाराची भाषाही बदलली. ज्यांची सगळी तालीम उर्दूतून झाली होती, त्यांच्या हातातील सनद एका रात्रीत जुनी झाली. कालपर्यंत मराठी मुलासमोर जी भिंत होती, तशीच दुसरी भिंत आता उर्दू मुलासमोर उभी राहिली. आम्हाला या दोन भिंतींचा हिशेब एकमेकींविरुद्ध मांडायचा नाही. दोन्हींखाली शिकणारे मूलच दबले, एवढेच सांगायचे आहे. उर्दू माध्यमातून दहावी झालेली आमची विद्यार्थिनी अकरावीच्या वर्गात पहिल्या दिवशी गप्प बसते, तेव्हा तिच्या गप्प बसण्यामागे ही पाऊणशे वर्षे असतात.

परंतु याच काळात मराठवाड्यात शिक्षणाची नवी दारेही उघडली. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झाले. उस्मानिया विद्यापीठाने बाबासाहेबांना १२ जानेवारी १९५३ रोजी डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्या विद्यापीठाच्या इतिहासातील हा एक उजळ दिवस. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातून शिकून निघणाऱ्या पहिल्या तुकड्यांची पदवी हैदराबादचीच होती, कारण मराठवाड्याला अजून स्वतःचे विद्यापीठ नव्हते.

ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला स्थापन झाले. त्यानंतर महाविद्यालये वाढत गेली. लातूरला १९६१ साली दयानंद, उदगीरला १९६२ साली महाराष्ट्र उदयगिरी, नांदेडला १९६३ साली यशवंत, लातूरला १९७० साली राजर्षी शाहू. औरंगाबादला रफिक झकेरिया यांनी १९६३ साली मौलाना आझाद कॉलेज काढले आणि मुस्लिम मुलामुलींना आपले वाटेल असे एक आवार मिळाले. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर हे स्वतः इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेले गृहस्थ, हे येथे मुद्दाम नोंदवतो. परीक्षेत अडखळलेला माणूस विद्वान होऊ शकतो आणि प्राचार्यही. आमच्या वर्गातील नापास झालेल्या मुलांना आम्ही हे सांगत असतो.

एका वर्षातील तीन घटना

औरंगाबाद नांदेडहून अडीचशे किलोमीटरांहून दूर. उदगीर, देगलूर, किनवट येथून तर आणखी लांब. गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करायची तरी दोन दिवसांचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च. अशा परिस्थितीत पदवीदान समारंभाला जाणारा विद्यार्थी विरळाच. मुलगी जाणे तर बहुतेक घरांत विचारापलीकडचे. नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ व्हावे ही मागणी या अंतरातून आली.

त्यातच औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटला होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. पदवीच्या कागदावर कोणाचे नाव असावे यासाठी माणसे मरण पावल्याचे उदाहरण जगात इतरत्र क्वचितच सापडेल. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

त्याआधी साडेतीन महिने, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची हजारो माणसे गाडली गेली होती. आणि नामविस्तारानंतर आठ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. भूकंप, नामविस्तार आणि नवे विद्यापीठ या तिन्ही घटना एका वर्षाच्या आतल्या. दुःख, न्याय आणि आशा असा त्या वर्षाचा क्रम लावता येईल.

विद्यापीठाला ज्यांचे नाव मिळाले ते स्वामीजी मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते आधी शिक्षक होते, हे फार थोड्यांना आठवते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला त्यांनी मुख्याध्यापकी केली. त्यांचे स्वतःचे उच्च शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातले, म्हणजे असहकाराच्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय संस्थेतले. शिक्षकाचे नाव पदवीवर यावे, ही आम्हा शिक्षकांना सुखावणारी गोष्ट आहे. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हेही लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. लातूर पॅटर्न या नावाने गाजलेल्या अभ्यासपद्धतीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या साहित्याचे ते अभ्यासक. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली, असे चार जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. मुख्य परिसर विष्णुपुरीला, गोदावरीच्या काठाजवळ. लातूरला उपपरिसर आहे.

समारंभाच्या मांडवात

दीक्षांत समारंभाचा एक ठरलेला साचा असतो. पुढे ज्ञानदंड, त्यामागे विविध मंडळांचे सदस्य, अधिष्ठाते, कुलगुरू, प्रमुख पाहुणे आणि कुलपती म्हणून राज्यपाल अशी मिरवणूक सभामंडपात येते. अधिष्ठाते आपापल्या विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांना पदवी द्यावी अशी विनंती करतात. विद्यार्थी उभे राहतात. कुलगुरू पदवी बहाल करतात. मग पीएच.डी. आणि सुवर्णपदकांचे मानकरी मंचावर येतात. पाहुण्यांचे दीक्षांत भाषण होते. राष्ट्रगीत होते. मिरवणूक परत जाते. त्यानंतर मांडवाबाहेर खरा समारंभ सुरू होतो. फोटो काढले जातात. झगा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. कोणी तो आपल्या वडिलांना घालतो, कोणी टोपी आजीच्या डोक्यावर ठेवतो. बुरख्यावर झगा चढवून, हातात गुंडाळी धरून उभ्या असलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या अम्मीला कॅमेऱ्याकडे बघावे की मुलीकडे, हे कळत नसते.

या पोशाखावरून देशात बरेच वाद झाले. २ एप्रिल २०१० रोजी भोपाळच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी झगा उतरवून ठेवला आणि ही वसाहतकाळाची निशाणी आहे असे म्हटले. पुढे अनेक विद्यापीठांनी देशी कापड, उपरणे, पगडी असे बदल केले. २०१९ साली पुण्यात पुणेरी पगडी की फुले पगडी, असाही वाद झाला. अलीगढचा शेरवानीचा रिवाज आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. पोशाख कोणता असावा हा प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही. पगडी काय, दस्तार काय, झगा काय, तो एक मान आहे आणि मान कोणाच्या हातचा घ्यायचा हे माणसाला ठरवावेसे वाटणारच. आम्हाला मात्र याहून साधा प्रश्न पडतो. तो मान घ्यायला आपली मुले तेथे पोहोचतात का?

टपालाने आलेली पदवी

पदवी दोन प्रकारे घेता येते. समारंभाला हजर राहून किंवा अनुपस्थितीत. समारंभात मंचावर जाणारे थोडे. बाकीच्यांची पदवी महाविद्यालयाकडे किंवा टपालाने घरी येते. आता बऱ्याच महाविद्यालयांत स्वतंत्र पदवी वितरण कार्यक्रम होतात आणि पदवी डिजिलॉकरमध्येही मिळते. करोनाच्या काळात २०२० साली मुंबईच्या आय.आय.टी.ने तर विद्यार्थ्यांच्या संगणकीय प्रतिकृती तयार करून पडद्यावर पदवीदान केले. सोय झाली हे चांगलेच आहे. परंतु सोयीत सोहळा हरवू नये.

परीक्षा आणि दीक्षांत समारंभ यांत कित्येक महिने जातात. तोवर निलंग्याची मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली असते. मुखेडचा मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला कामाला लागलेला असतो. एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून आईबापांसह नांदेडला जाणे त्याला परवडत नाही. शिवाय तेथे आपले काय काम, असा एक संकोच असतोच. ज्या घरात याआधी कोणी पदवीधर झाले नाही, त्या घराला समारंभाचे निमंत्रण आपल्यासाठी आहे हेच उमगत नाही. पाकीट येते, ते उघडले जाते, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला जातो. ज्या घराने सर्वांत लांबचा रस्ता चालला, त्याच घरात हा आनंद सर्वांत मुकाट्याने साजरा होतो.

सच्चर समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात २००१ च्या जनगणनेचा आधार घेऊन सांगितले होते की, वीस वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येत पदवी किंवा पदविकाधारकांचे प्रमाण सुमारे सात टक्के असताना मुसलमानांत ते चार टक्क्यांहून कमी आहे. म्हणजे शंभरात चारही नाहीत. त्यानंतरच्या काळात मुली मोठ्या संख्येने पुढे आल्या, हे आम्ही आमच्या वर्गांतून डोळ्यांनी पाहत आहोत. १९९८ साली हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ सुरू झाल्याने उर्दूतून पदवी घेण्याची वाटही पुन्हा मोकळी झाली. पण शंभरांतील त्या चौघांचा मान तरी आपण गावाने केला का?

येथे एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. समारंभात पदवी बहाल होते ती उपस्थित आणि अनुपस्थित अशा सर्वांना एकाच घोषणेने. मंडपात नसलेली मुलगीही त्या क्षणी पदवीधर होते. विद्यापीठ आपल्या बाजूने तिला विसरत नाही. विसरतो तो समाज.

म्हणून वाचकांपुढे काही साध्या गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. आपल्याकडे हिफ्ज पूर्ण केलेल्या मुलाची दस्तारबंदी होते, तेव्हा सारा मोहल्ला जमतो, मिठाई वाटली जाते, वडिलांना मिठ्या मारल्या जातात. ते योग्यच आहे. त्याच मोहल्ल्यातील मुलगी बी.एस्सी. झाली, मुलगा एलएल.बी. झाला, तर त्यांच्यासाठीही एक संध्याकाळ का काढू नये? उर्दू शाळांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांतील पदवीधरांना वर्षातून एकदा बोलवावे. फलकावर नाव लिहावे आणि सोबत आईचेही लिहावे. सहावी-सातवीच्या मुलांना पदवीचा कागद हातात घेऊन पाहू द्यावा. आमचा अनुभव असा की, मूल जे डोळ्यांनी बघते तेच मागते. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी विष्णुपुरीला जावेच, एकटे न जाता घरच्यांना घेऊन जावे. लातूरहून नांदेडपर्यंतचा एस.टी.चा प्रवास म्हणजे काही हैदराबाद-बनारसची वारी नव्हे.

आजही मराठवाड्यात अशी घरे आहेत की ज्यांच्या एकाच पेटीत तीन कागद सापडतात. आजोबांची उस्मानियाची उर्दू सनद, वडिलांची मराठवाडा विद्यापीठाची पदवी आणि नातीची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची. तीन कागदांवर तीन नावे आहेत, राज्येही बदललेली आहेत. जुन्या इजाजतनाम्यात उस्तादांची जशी साखळी असे, तशीच ही एका घराची साखळी आहे. मात्र अशी घरे थोडी. बहुतेक घरांत तो पहिलाच कागद आहे किंवा अजून यायचा आहे. तो येईल तेव्हा नुसता कपाटात ठेवू नये. ज्यांनी त्याच्यासाठी सूत कातले, त्यांच्या हातात आधी द्यावा.